पोटाची शपथ

"पोटाची शपथ नको घ्यायला लावू, बेटी. दुसरी कसली पण लाव," असं जैतूनबी मला म्हणाली होती आणि मी हसले होते. नुसती हसले नव्हते, हातातल्या वहीत तिच्या नावापुढं 'सहकार्य नाही' असं लिहिलंही होतं. करमाडला तिच्या दारात मी उभी होते, सहावा महिना होता मला, शेळीच्या दाव्यात पाय अडकू नये म्हणून साडी चिमटीत धरलेली, आणि पोटाबद्दल आणखी कुणी काही सांगावं अशी माझी तयारी नव्हती. आई रोज फोनवर सांगत होती, सासूबाई सांगत होत्या, डॉक्टरीणबाई सांगत होत्या. त्यात ही एक. जैतूनबी मग शेळीकडं बघून म्हणाली, "हसतेय बघ. हिला वाटतं पोट म्हंजे एकदाच भरायची गोष्ट." शेळी रवंथ करत होती. मी तेही वहीत लिहून घेतलं, कारण असली वाक्यं आप्पासाहेबांना आवडायची. भाषणात बरी पडतात.

आप्पासाहेब आमच्या संस्थेचे संस्थापक. त्यांना आता शहरात कोण ओळखत नाही? एप्रिलचा महिनाभर क्रांती चौकापासून चिकलठाण्यापर्यंत खांबाखांबावर ते हात जोडून उभे होते आणि खाली लिहिलेलं होतं : चारशे अकरा कुटुंबं गरिबीतून वर, एकही परत घसरलं नाही. यातलं शेवटचं वाक्य माझं. संस्थेत लिहायचं काम माझ्याकडं आहे, अहवाल, कहाण्या, पुरस्कारांचे प्रस्ताव. श्रेया झाल्यापासून ते मी घरूनच करते, ती झोपली की. कहाणीचा साचा ठरलेला आहे. बाई गरीब असते, संस्था दारात येते, शिलाई मशीन येतं किंवा शेळ्या येतात, बाई घाम गाळते आणि शेवटच्या परिच्छेदात दारात उभी राहून हसते. हसायला मीच सांगायचे. ताठ उभ्या राहा मावशी, पदर नीट घ्या, दात दिसू द्या थोडे. करमाडच्याच चतुराबाईला, शिलाई मशीन मिळालेल्या, हे लई अवघड गेलं होतं. तिचा पुढचा एक दात पडलेला आहे आणि हसताना हात आपोआप तोंडावर जातो. तो हात मी धरून खाली केला होता. फोटोत तिच्या मनगटाजवळ माझ्या दोन बोटांची सावली आलीय. बघणाऱ्याला दिसत नाही, मला दिसते. तोच फोटो आप्पासाहेबांच्या जोडलेल्या हातांच्या बाजूला, खांबाखांबावर.

त्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही जाधववाडीला भाजी घ्यायला गेलो होतो, ऋतुराज आणि मी, श्रेया माझ्या पोटाशी बांधलेली. सकाळी नऊलाच ऊन चढलं होतं. ऋतुराज गाडीजवळ थांबला आणि मी कांद्याच्या ढिगांमधून वाट काढत होते, एक हात सतत श्रेयाच्या डोक्यामागं, कारण हमाल पोतं घेऊन वळतात तेव्हा मागचं बघत नाहीत. भिंतीकडेला, जिथं अडत्यांची माणसं कोबीची वरची पानं आणि मेथीच्या पिवळ्या काड्या फेकतात, तिथं चार-पाच बाया वाकून निवडत होत्या. त्यातल्या एकीचा उजवा हात पानं उचलून ओच्यात टाकत होता आणि डावा हात, काही कारण नसताना, तोंडावर होता. मी तो हात ओळखला. चेहरा नंतर. तिनंही मला पाहिलं, आणि पाहताच ती वळून रिकाम्या पोत्यांच्या थप्पीकडं तोंड करून उभी राहिली, पदराचं टोक दातात धरून, ओचा पोटाशी आवळून. लहान मूल डोळे मिटून लपतं तशी. मी हाक मारायला हवी होती. 'चतुराबाई' हे नाव माझ्या जिभेवर आलं होतं, मी ते निदान वीस ठिकाणी छापलंय. पण मागं ऋतुराजनं हॉर्न वाजवला, श्रेया रडायला लागली, अंगावरचं दूध झरझर उतरलं, आणि मी वळले. सिग्नलला थांबलो तर समोर खांबावर ती हसत होती.

घरी येऊन श्रेयाला झोपवलं ते चतुराबाईनंच शिवलेल्या दुपट्यावर. बाळंत झाल्यावर बाराव्या दिवशी तिनं ते संस्थेच्या ड्रायव्हरच्या हातून पाठवलं होतं, तिच्या मशीनवर शिवलेलं, कडेला लाल दोऱ्याची नक्षी, एका कोपऱ्यात काजळाच्या बोटाएवढा काळा ठिपका, दृष्ट लागू नये म्हणून. मी श्रेयाच्या नाकाखाली बोट धरलं. हे मी दिवसातून किती वेळा करते ते कुणाला सांगत नाही. श्वास होता. आणि मग तिथंच बसल्या बसल्या मला कोबीच्या पानांचा वास यायला लागला, उन्हात सडलेल्या; दुपट्याला तर साबणाचा वास होता, पण तो काही माझ्यापर्यंत पोचेना.

संस्थेचा एक समारंभ असतो. घर वर आलं असं ठरलं की त्या घरानं आपलं पिवळं रेशनकार्ड व्यासपीठावर येऊन सरकारी साहेबांच्या हातात परत द्यायचं. आम्हाला आता धान्य नको, दुसऱ्या गरिबाला द्या. बदल्यात आप्पासाहेब त्या घराला दारावर लावायची निळी फरशी देतात : हे घर स्वतःच्या पायावर उभं आहे. ही कल्पना त्यांची. भंडाऱ्याची कल्पना माझी. माझं माहेर गंगापूरकडचं. आमच्या गावात बांधाची भांडणं, भावकीचे संशय, सगळं शेवटी खंडोबाच्या ओट्यावर मिटायचं. हळदच ती, पण हातात घेऊन बोललेलं माणूस मोडत नाही. मोडलं तर घरातलं लेकरू जातं म्हणतात. मी शिकलेली. मला त्यात एक दृश्य दिसलं : पिवळी कार्डं, पिवळ्या मुठी, वरून ऊन. शहरालगतच्या सातारा परिसरातल्या खंडोबाहून भंडाऱ्याची पिशवी मीच आणवली आणि शपथ मीच लिहिली. 'आजपासून मी कुणापुढं हात पसरणार नाही. माझं घर परत मागं जाणार नाही.' सत्तावीस बायांनी ती माझ्यामागून म्हटली. पांढरपेशा पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पासाहेब म्हणाले, ताई, आजपर्यंत इतका जिवंत कार्यक्रम झाला नव्हता.

जैतूनबी आलीच नव्हती. चतुराबाई आली, नातीला घेऊन. तिची लेक बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं केलं, आणि रूपा, सात वर्षांची आता, आजीजवळ असते. ही रूपा कार्डावर चढावी म्हणून चतुराबाई वर्षभर कचेरीत खेटे घालत होती. नाव चढून सहाच महिने झाले होते. कार्डाला प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. व्यासपीठाच्या पायरीवर तिनं ते कव्हर काढलं, कार्ड वेगळं केलं आणि मला विचारलं, "म्याडम, ही पिशवी ठिवू का? का ही बी द्यायची?" मी म्हणाले, ठेवा ठेवा. मला घाई होती, फोटोवाल्याचं ऊन जात होतं. तिची मूठ भंडाऱ्यानं भरताना थोडी हळद माझ्या पोटावर सांडली आणि ती म्हणाली, "असू द्या, चांगलं असतंय." सातवा लागला होता. ती साडी मी अजून धुवायला टाकलेली नाही, असं म्हणायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे त्याच दिवशी भिजत घातली, डाग गेला.

रविवारनंतर सोमवारी मी करमाडला गेले. श्रेयाला सासूबाईंकडं ठेवून, ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन, जालना रस्त्यानं. चतुराबाईच्या दारावर निळी फरशी. आत मशीन, त्यावर चादर. चादरीवर धूळ. शेंद्र्याच्या एका कंपनीनं पिशव्या शिवायचं काम दिलं होतं, वर्षभर चाललं, मग कंपनीनं दुसरीकडून शिवून घ्यायला सुरुवात केली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. कहाणी तर वर्षापूर्वीच संपली होती. चतुराबाई म्हणाली, "ऊन लागलं का म्याडम? बसा." जसं काही कालचं कालच्या बाजारात राहिलं. मीही उन्हाचंच बोलले. शेवटी तीच म्हणाली की पाला जैतूनबीच्या शेळीला न्यायचा होता, वाया जातोय, म्हणून. रूपा उंबऱ्यात बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आज्जे, शेळीला कुठं? काल्दिशी आपणच नाय का खाल्ली भाजी?" चतुराबाईचा हात तोंडावर गेला. भिंतीवर खिळ्याला ते प्लास्टिकचं कव्हर टांगलेलं होतं. आत कार्डाच्या जागी रूपाचा शाळेतला फोटो.

मी पिठाची पिशवी पुढं केली. तिनं हात मागं घेतले, दोन्ही, पाठीमागं बांधले, वर्गात बाई मारणार असल्यासारखे. "तुमच्याकडून नाय घ्यायची," ती म्हणाली. "तुमीच साक्षीला व्हत्या. तुमच्याच मागून बोलले मी. खंडेरायाला काय सांगू?" मी तिला समजावलं की ती शपथ म्हणजे तसली शपथ नव्हती, कार्यक्रमाचा भाग होता, ती मी एका दुपारी चहा पिता पिता लिहिली होती. ती माझ्याकडं इतकं घाबरून बघायला लागली की मी पिशवी मागं घेतली. मग रूपाकडं बघून हळूच म्हणाली, "एकच हाय म्याडम माझ्याजवळ. तिच्यावर न्हाय यायला पायजे." मला त्या क्षणी श्रेयाच्या नाकाखाली बोट धरावंसं वाटलं, पण ती वीस किलोमीटरवर होती.

बाहेर जैतूनबीनं मला गाठलं. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. तिला मी आठवत होते. "आली का वही घेऊन?" म्हणाली. मी वही आणली नव्हती. तिनं सांगितलं की बाजाराला चतुराबाई गावात जात नाही, दारावर फरशी आहे ना, गावातले बघतील. म्हणून अर्ध्या तिकिटावर शहरात जाते, तिथं कुणी ओळखत नाही. "और तू मिल गयी," ती म्हणाली. हे ताट रोजचं असतं. "ही मागणार नाही म्हणून बोलली. पोरगी तर काही बोलली नाही ना? मी पोरीला देते. उरलेलं तिची आजी खाते, मला काय माहीत." आणि मग पहिल्यांदाच आवाज खाली घेऊन : "पण मी किती दिवस देऊ, बेटी? मला पण पोट आहे. आणि माझ्या युसूफची बायको दिवसांत आहे, मालेगावला जावं लागेल."

शहरात परत येईपर्यंत माझ्यातली भीती आंबून तिचं दुसरंच काही झालं होतं. मला कुणाला तरी शासन करायचं होतं. आधी मी सरकारी कचेरीत गेले. पुरवठ्याच्या टेबलावरचे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी फाईल काढून दाखवली. "बाई सुखात आहेत असं संस्थेनंच लिहून दिलंय, मॅडम. परत कार्ड पाहिजे तर संस्थेचंच पत्र आणा, की परिस्थिती बिघडलीय. एक ओळ पुरे." फाईलमधलं पत्र माझ्याच भाषेत होतं. 'आत्मसन्मानाच्या उजेडात पाऊल टाकलेलं हे कुटुंब.' टाकलेलं.

एक ओळ. तिच्यासाठी मी आप्पासाहेबांकडं गेले, श्रेयाला कडेवर घेऊन. ते खुर्चीत बसून मोसंबी सोलत होते. पुढच्या आठवड्यात शहराच्या वतीनं त्यांचा नागरी सत्कार होता, राज्याचा पुरस्कार मिळाल्याबद्दल. टेबलावर शालींचे नमुने पडले होते. मी सगळं सांगितलं. ते मोसंबीची फोड सोलून श्रेयाच्या तोंडात घालत ऐकत होते, आणि मी बोलता बोलता तिच्या गालाकडं बघत होते, कारण त्यांनी बी काढलं नव्हतं. ते वाईट माणूस असते तर किती सोपं झालं असतं. ते संस्थेच्या गाडीतून घरी जात नाहीत. वैजापूरच्या मार्केट यार्डात त्यांनी पंधराव्या वर्षापासून कांद्याची पोती वाहिली. उजव्या खांद्याला खड्डा आहे, तो ते सदऱ्याच्या गळ्यातून दाखवतात. आई वारली त्या दिवशीही त्यांनी पोती उचलली आणि कुणाला लाकडं मागितली नाहीत. हे खरं आहे, मी यार्डात जाऊन विचारून आलेय. म्हणूनच हात पसरणाऱ्याकडं त्यांना बघवत नाही. त्यांना तिथं त्यांचा स्वतःचा हात दिसत असावा.

"ताई," ते म्हणाले, "चारशे दहा झाले, की लोक चारशे दहा बघत नाहीत. एक बघतात."

मी म्हणाले, तोवर ती काय खाईल?

"शपथ घेतलीय ना तिनं? मग उठेल. मी उठलो. सत्कार होऊ द्या, मग बघू पत्राचं." आणि दुसरी फोड पुढं करत, "गोड पोरगी आहे. हात पसरत नाही बघा, तोंड उघडते."

मी श्रेयाच्या तोंडात बोट घालून बी बाहेर काढलं. ओलं, पांढरं, गुळगुळीत. ते मी मुठीत धरून ठेवलं, घरी येईपर्यंत. मला सूड म्हणजे काय हे तोवर नुसतं पुस्तकातून माहीत होतं. वाटायचं की तो आगीसारखा असेल. माझा सूड त्या बीएवढा होता आणि थंड होता. तो मला घरभर सापडायला लागला. भांडी घासताना मी आप्पासाहेबांच्या खांद्यावर पोती चढवायचे, एकावर एक, ते घसरेपर्यंत, आणि घसरले की खाली मी उभी, वही घेऊन. श्रेयाला भरवताना त्यांना रूपाच्या शाळेत खिचडीच्या रांगेत उभं करायचे, पुढचं प्रत्येक लेकरू दोनदा घेऊन जायचं आणि यांच्या वेळेला पातेलं वाजायचं. ऋतुराज म्हणाला, तू जेवताना दात का खातेस? त्याला सांगितलं तर तो म्हणाला की यात पडू नको, तुझ्या एकटीमुळं काय होणार, आणि हे सगळं तू एकटीनं थोडंच केलंय. तो माझ्या बाजूनंच बोलत होता. रागाच्या दिवसांत आपल्या बाजूनं बोलणारं माणूस सगळ्यात नकोसं होतं. कारण त्या पोत्यांखाली कधी कधी आप्पासाहेबांच्या जागी मी दिसायचे, मनगटाला धरलेली.

मानपत्राची एक पद्धत आहे, बाहेरच्यांना माहीत नसते. ते शहरातले नागरिक देतात, पण लिहून देतं ज्याचा सत्कार त्याचंच कार्यालय. म्हणजे मी. आप्पासाहेबांनी स्वतः फोन केला : जरा मनापासून लिहा, ताई. मी मनापासून लिहिलं. तीन परिच्छेद त्यांना हवे तसे, खांद्याच्या खड्ड्यासकट. चौथ्यात मी लिहिलं की या महापुरुषाचं काम कागदावर नाही, माणसांत आहे. ज्या कुणाला ते पाहायचं असेल त्यानं आजच जावं, कुठल्याही दारावरची निळी फरशी बघून आत शिरावं, आणि चुलीवर काय शिजतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. पुढं पाच घरांचे पत्ते. मला वाटलं होतं ते हा परिच्छेद काढतील, म्हणजे मग मला त्यांच्याशी उघड भांडता येईल. त्यांनी तो दोनदा वाचला. डोळे भरून आले त्यांचे, खरोखरचे. म्हणाले, "हे राहू द्या. आणि चतुराबाईचं नाव पहिलं टाका. तिचा फोटो चांगला येतो." ते विसरले होते. तीन दिवसांपूर्वी मी त्यांच्यासमोर बसून सांगितलेलं ते अगदी स्वच्छ विसरले होते. मी तिचं नाव पहिलं टाकलं. माझे हात इतके गार होते की मोबाईलची काच त्यांना ओळखेना.

सत्काराला मी तिसऱ्या रांगेत बसले, कडेच्या खुर्चीवर, श्रेया रडली तर उठता यावं म्हणून. आठशे माणसं असतील. निवेदिकेनं मानपत्र वाचायला घेतलं, आवाज चांगला होता तिचा. चौथा परिच्छेद आला. "श्रीमती चतुराबाई, करमाड, शाळेमागची गल्ली, शेवटून दुसरं घर." मी सभागृहाकडं बघत होते. मला एक माणूस हवा होता. एकानं पेन काढावं, एकानं शेजारच्याला म्हणावं, जाऊन बघू या का रविवारी? पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मोबाईल काढला आणि मी खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी फोटो काढला आणि तो खिशात ठेवून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक पत्त्याला वेगळ्या. 'चुलीवर काय शिजतंय' या शब्दांना सगळ्यात जास्त, आणि त्या आवाजानं श्रेया दचकून जागी झाली आणि, तिला तेव्हा नुकतंच यायला लागलं होतं, तिनंही टाळ्या वाजवल्या.

आठवड्यानं मी जैतूनबीला फोन केला. कुणी आलं होतं का, विचारलं. "आला ना एक," ती म्हणाली. "तुमचाच माणूस. ओल्या फडक्यानं फरशी पुसून गेला. पावणे येतील म्हणला." मी हसले, मग हसणं थांबेना, मग आवाज वेगळाच यायला लागला तेव्हा ती दरडावून म्हणाली, "चूप. दूध बिघडतं रडून." पलीकडं शेळीचा आवाज येत होता. ती दुसऱ्या दिवशी मालेगावला निघाली होती, शेळी भावाकडं देऊन. कधी येशील विचारलं तर म्हणाली, चाळीस दिवस तर धर.

पत्राचं मी परत विचारलं. आप्पासाहेबांचा आता दिल्लीच्या पुरस्काराचा प्रस्ताव जातोय, तो जूनपर्यंत चालेल. चारशे अकरा हा आकडा त्यात आहे. मराठीतला मजकूर माझ्याकडंच आलाय, इथंच टेबलावर आहे, त्यावर श्रेयाची दुधाची बाटली ठेवलीय मी. ती उचलत नाही. माझ्या सहीला कचेरीत किंमत नाही, ती मी करून पाहिली. पिठाची पिशवी दोनदा दारात ठेवून आले, दोन्ही वेळा ती दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर होती, तोंड तसंच बांधलेलं. हे छापून आलं की माझं काम जाईल. जाऊ दे म्हणण्याइतकी मी शूर नाही, मला फार भीती वाटते. पण आठशे लोकांना मी पत्ता सांगितला तो सूड म्हणून. त्यांनी आप्पासाहेबांकडं बघावं म्हणून. तिच्याकडं बघावं असं मलाही कुठं तेव्हा नीट सुचलं होतं? त्यामुळं परत सांगते.

शाळेला सुट्टी लागलीय. म्हणजे रूपाची दुपारची खिचडी बंद. जैतूनबी गावात नाही.

तुम्ही कधी जालना रस्त्यानं गेलात तर करमाडला उतरा. शाळेमागची गल्ली, शेवटून दुसरं घर, निळी फरशी. माझं नाव सांगू नका. काय हवं नको ते विचारू नका, ती 'काय नाय' म्हणेल. काही द्यायचं झालं तर पोरीच्या हातात द्या, तिनं भंडारा उचललेला नाही. आधी तुम्हीच मागा. पाणी मागा. ऊन फार आहे म्हणा, ते खोटं नाही. ती बसा म्हणेल आणि हसेल, हात खाली ठेवून. त्या हसण्यावर जाऊ नका, ते मी शिकवलेलं आहे. ती पाणी आणायला वळली की चुलीच्या डाव्या अंगाला पिठाचा एक पत्र्याचा डबा आहे. त्याचं झाकण तेवढं उघडून बघा.